बक्षीस मिळाले, पण धूर गेला का?

९ सप्टेंबर २०२५ रोजी ‘स्वच्छ वायू सर्वेक्षणा’चे निकाल जाहीर झाले, तेव्हा जबलपूरकरांना अभिमान वाटणे साहजिक होते. देशातल्या १३० शहरांच्या या स्पर्धेत दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या गटात इंदूर पहिले आले आणि जबलपूर दुसरे. शहराला एक कोटी रुपयांचे बक्षीस मिळाले. आदल्या वर्षी, २०२४ मध्येही याच गटात सुरतपाठोपाठ जबलपूरचाच नंबर होता. आपल्या महाराष्ट्रानेही मागे राहायचे नाही असे ठरवले होते जणू! तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या गटात २०२५ चा पहिला क्रमांक अमरावतीने पटकावला.

सलग दोन वर्षे दुसरा क्रमांक, म्हणजे जबलपूरची हवा देशातल्या मोठ्या शहरांमध्ये दुसऱ्या क्रमांकाची स्वच्छ आहे असे कोणीही समजेल. वर्तमानपत्रांचे मथळे वाचून अनेकांनी तसेच समजून घेतलेही. पण डिसेंबरच्या पहाटे गढा, राणीताल किंवा अधारताल भागात घराबाहेर पडून पाहा. रस्त्यावर दाट पांढुरका थर पसरलेला असतो. काही जण त्याला धुके म्हणतात. मात्र धुक्याला वास नसतो आणि धुक्याने घसा खवखवत नाही. घरातल्या आजोबांचा खोकला दिवाळीनंतर सुरू होतो तो शिमग्यापर्यंत थांबत नाही, शाळकरी मुलाचा ‘पंप’ दप्तरातून बाहेर येतो, आणि घरच्या गृहिणीला प्रश्न पडतो, बक्षीस मिळाले ते नेमके कशाचे?

गुण कशाला मिळतात?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. याचे उत्तर समजून घेतले, की पुढच्या अनेक गोष्टी उलगडतात.

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये ‘राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रम’ सुरू केला. हवेतले धूलिकण २०२५-२६ पर्यंत ४० टक्क्यांनी कमी करायचे किंवा ते राष्ट्रीय मर्यादेत आणायचे, असे त्याचे उद्दिष्ट पुढे ठरवण्यात आले. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांना हवा सुधारण्यासाठी वेगळा निधी दिला. मध्य प्रदेशातून भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर आणि जबलपूर ही चार शहरे त्यात आहेत. या शहरांनी काय काम केले याचे मूल्यमापन म्हणजे हे सर्वेक्षण.

एकूण गुण २०० असतात. कचरा आणि पालापाचोळा जाळणे रोखण्यासाठी २० टक्के, रस्त्यावरच्या धुळीसाठी २० टक्के, वाहनांच्या धुरासाठी २० टक्के, कारखान्यांसाठी २० टक्के, उरलेल्यात बांधकामाचा राडारोडा, इतर स्रोत आणि लोकजागृती. आणि हवेतले धूलिकण प्रत्यक्षात किती घटले, यासाठी? अवघे अडीच टक्के, म्हणजे २०० पैकी ५ गुण!

थोडक्यात, ही परीक्षा अभ्यासाची वही पूर्ण केली की नाही याची आहे. वही पूर्ण करणेही महत्त्वाचे असते, हे कोणतीही आई सांगेल. झाडणारी यंत्रे आणली, कडेच्या मातीवर फरसबंदी केली, बागा वाढवल्या, कचऱ्याच्या गाड्या दारोदार फिरवल्या, ही कामे जबलपूरने केली आहेत आणि त्यांचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण वही पाहून मुलाचा ताप उतरला का, हे कळत नाही. त्यासाठी थर्मामीटर लावावा लागतो.

धूळ वेगळी, धूर वेगळा

हवेतल्या कणांचे ढोबळमानाने दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. १० मायक्रॉनपर्यंतच्या सर्व कणांना पीएम १० म्हणतात. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते, यावरून अंदाज यावा. यातले जाडसर कण बहुतांशी मातीचे, सिमेंटचे, खडीचे असतात. नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव त्यांतले बरेच अडवतात. दुसरे कण २.५ मायक्रॉनहून बारीक, म्हणजे पीएम २.५. हे मुख्यतः जळण्यातून जन्माला येतात. डिझेल, लाकूड, कोळसा, पालापाचोळा, प्लॅस्टिक, काहीही जळाले की ते तयार होतात. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि त्यांतले सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणूनच प्रदूषणामुळे केवळ दमाच वाढतो असे नाही. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांच्याशीही त्याचा संबंध सिद्ध झाला आहे.

भारतात पीएम २.५ ची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा १० वरून ५ वर आणली. आपली मर्यादा तिच्या आठपट सैल आहे, आणि ती पाळतानाही आपली दमछाक होते.

आता पैसा कुठे गेला ते पाहू. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने २०२४ मध्ये देशभरच्या खर्चाचा हिशेब मांडला. त्यात एकूण खर्चापैकी ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवर झाल्याचे दिसले. कचरा व पालापाचोळा जाळणे रोखण्यावर साडेचौदा टक्के, वाहनांच्या धुरावर साडेबारा टक्के, आणि कारखान्यांवर एक टक्काही नाही. रस्ते बांधले, खड्डे बुजवले, पाणी शिंपडले, यंत्राने झाडले, की खर्च दिसतो आणि छायाचित्रही छान येते. पाण्याचे तुषार उडवणारी तोफ चौकात उभी राहिली, की नगरसेवकापासून पोरासोरांपर्यंत सगळे पाहायला थांबतात. पण ते पाणी खाली बसवते ती मुख्यतः धूळ. धूर आपल्या वाटेने पुढे निघून जातो.

धूळ क्षुल्लक आहे असे मात्र कोणी समजू नये. मदन महल ते दमोह नाका हा जवळपास सात किलोमीटरचा उड्डाणपूल ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला. त्याआधी अनेक वर्षे तिथल्या दुकानदारांनी किती माती गिळली असेल, ते त्यांनाच विचारावे. मुद्दा एवढाच, की धुळीचा बंदोबस्त केला म्हणजे हवेचा बंदोबस्त झाला, असे होत नाही.

तळ्यांचे गाव, वाटीतले गाव

जबलपूर पाहिलेल्या माणसाला येथे प्रदूषण आहे हे सांगूनही पटत नाही. विनोबांनी ज्याला ‘संस्कारधानी’ म्हटले ते हे शहर. एका बाजूला नर्मदा, भेडाघाटचे संगमरवरी कडे, छावणीतली जुनी डेरेदार झाडे. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे रेल्वे, तोफगाडी कारखाना, वीज मंडळ आणि उच्च न्यायालय यांच्या नोकऱ्यांनी मराठी कुटुंबे येथे आणली आणि ती येथलीच झाली. जुनी माणसे अजून ‘बावन ताल, चौऱ्यांशी तलैया’ असे सांगतात. अधारताल, राणीताल, चेरीताल, हाथीताल, मढाताल, वस्त्यांची नावे तेवढी तळ्यांची उरली. कित्येक ठिकाणी पाणी गेले आणि काँक्रीट आले. पाणी आणि ओली माती धूळ धरून ठेवते, काँक्रीटवरून तीच धूळ प्रत्येक चाकाबरोबर पुन्हा उडते.

शिवाय शहराच्या आसपास टेकड्या. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. एरवी धूर वर जातो आणि पांगतो. अशा रात्री तो झाकणाखालीच कोंडतो. वाराही पडलेला असतो. पावसाळ्यात हेच शहर, हीच वाहने, हेच चुलखंड असतात, पण हवा धुतल्यासारखी वाटते. नोव्हेंबर उजाडला की निर्देशांक ‘मध्यम’ गटात रेंगाळू लागतो आणि काही दिवस ‘खराब’ गटातही जातो. दिल्लीइतकी भीषण अवस्था येथे नाही, हे खरे. पण दिल्लीशी तुलना करून समाधान मानणे म्हणजे शेजारच्याला १०४ ताप आहे म्हणून आपल्या १०२ तापाला औषध न देणे!

धूर येतो कुठून?

जबलपूरला धुराची सवय जुनी आहे. १९०४ मध्ये येथे तोफगाडी कारखाना निघाला. लष्कराचा प्रसिद्ध ‘शक्तिमान’ ट्रक याच गावातला. गोंदियाकडे जाणारी छोटी गाडी कोळशाचे इंजिन सोडून डिझेलवर आली आणि २०१५ नंतर रुळही रुंद होऊ लागले. त्या छोट्या गाडीच्या खिडकीतून डोळ्यांत गेलेली कोळशाची कणी आजही अनेक मराठी माहेरवाशिणींच्या आठवणीत असेल.

आजचा धूर मात्र असा एका धुरांड्यातून येत नाही, आणि म्हणूनच तो पकडणे कठीण आहे. तो हजारो लहान तोंडांतून येतो. जुनी डिझेल वाहने आणि मालमोटारी आहेत. ढाब्यांचे आणि हॉटेलांचे कोळशाचे तंदूर आहेत. गल्लीच्या टोकाला पेटवलेला कचरा आहे. झाडलोट करून झाल्यावर कोपऱ्यात लावलेली वाळक्या पानांची काडी आहे. ज्या वस्त्यांत गॅस परवडत नाही, तेथल्या चुली आणि शेणाच्या गोवऱ्या आहेत.

आणि आहेत त्या शेकोट्या. थंडीची लाट आली की महापालिकाच चौकाचौकांत लाकडे पुरवते. एक खाते हवा स्वच्छ करण्यासाठी यंत्र फिरवते आणि दुसरे जाळायला लाकूड देते, असे म्हणून हसणे सोपे आहे. परंतु रिक्षावाला, हमाल, रात्रीचा पहारेकरी, बसस्थानकावर झोपलेला प्रवासी यांनी थंडीत काय करावे? आपण रजईत शिरून त्यांच्या शेकोटीला नावे ठेवणे शोभत नाही. दिल्लीत आता गृहनिर्माण संस्थांनी पहारेकऱ्यांना विजेची शेगडी द्यावी, असा नियम आहे. जबलपूरमधल्या कितीतरी वसाहतींना तो खर्च सहज झेपेल. पाचपन्नास घरांनी वर्गणी काढली तर एका घराच्या वाट्याला एका सिनेमाच्या तिकिटाएवढीही रक्कम येणार नाही.

शहराच्या हद्दीबाहेरचा धूर हा आणखी एक विषय. भात काढल्यावर गहू पेरायची घाई असते, मजूर मिळत नाहीत, यंत्राने कापणी केल्यावर शेतात उभी धसकटे उरतात. काडी लावली की शेत तासाभरात मोकळे. पंजाब-हरियाणाच्या नावाने आपण बोटे मोडतो, पण २०२४ च्या हंगामात उपग्रहाने टिपलेल्या भाताच्या आगींत मध्य प्रदेशने पंजाबलाही मागे टाकले होते. राज्य सरकारने मे २०२५ पासून कडक धोरण आखले, धसकटे जाळणाऱ्या शेतकऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे पैसे आणि हमीभावाची खरेदी नाकारण्याचे. धसकटांतूनच गहू पेरणारी यंत्रे आहेत आणि त्यांना अनुदानही आहे. मात्र पेरणीचे ते आठदहा दिवस सगळ्या गावाला एकदमच यंत्र हवे असते. यंत्र वेळेवर दारात आले नाही, तर नुसत्या दंडाने आग थांबेल असे वाटत नाही.

कचऱ्याची गोष्ट

जबलपूरच्या जमेच्या बाजूला एक मोठे काम आहे. कठौंदा येथे २०१६ मध्ये कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. रोज ६०० टन कचरा जाळण्याची त्याची क्षमता आणि वीज सुमारे ११ मेगावॅट.

येथे वाचक लगेच विचारतील, जाळणे वाईट म्हणता आणि जाळण्याच्या प्रकल्पाचे कौतुक करता? फरक आचेचा आहे. गल्लीतला कचरा धुमसतो, त्याला हवा पुरत नाही, आच कमी असते, त्यामुळे प्लॅस्टिक अर्धवट जळून डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये बाहेर पडतात, आणि तीही मुलांच्या नाकाच्या उंचीवर. बंद भट्टीत आठशे अंशांहून अधिक तापमान राखता येते आणि धूर गाळून, धुऊन मग उंचावर सोडता येतो. ही ‘येते’ची भाषा महत्त्वाची आहे. गाळण्या नीट चालतात की नाही यावर सतत लक्ष ठेवावे लागते. आणि भट्टीला ओले उष्टे-खरकटे आवडत नाही. भाजीच्या देठांनी, भाताच्या पेजेने भिजलेला कचरा आत गेला की आच उतरते. म्हणजे घरात दोन डबे ठेवून ओला आणि सुका कचरा वेगळा करणारी गृहिणी कठौंद्याच्या धुराड्यावर तिथल्या इंजिनिअरइतकाच परिणाम घडवत असते!

उघड्यावर कचरा जाळणे हा गुन्हा आहे, हे फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभरासाठी आदेश दिला. साधा कचरा जाळल्यास ५ हजार रुपये दंड आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार. सफाई कर्मचाऱ्यालाही यातून सूट नाही. पण तो पाने जाळतो, कारण ती उचलायला गाडी येत नाही. पानगळीच्या दिवसांत पाने वेगळी गोळा करून बागेतच खड्ड्यात जिरवण्याची सोय प्रत्येक वॉर्डात केली, तर दंडाची वेळच येणार नाही. ही मागणी करण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही. चार महिलांनी सही केलेला अर्ज वॉर्ड कार्यालयात पुरतो.

लंडनने काय केले?

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर असेच झाकण बसले होते. घराघरांत कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या, वारा पडलेला. हात लांब केला तर बोटे दिसेनात. त्या वेळच्या मोजदादीनुसार चार हजार माणसे दगावली. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. सरकारने आधी ती थंडीतली साथ असल्याचे सांगून पाहिले, पण अखेर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

त्या कायद्याने कारखान्यांबरोबर घराच्या शेगडीलाही हात घातला. काही भाग धूरमुक्त ठरवले, तेथे धूर करणारा कोळसा जाळायला बंदी केली, आणि शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीतून दिला. बंदी आणि मदत दोन्ही एकाच कायद्यात होती.

आपल्याकडेही असे घडले आहे. पेट्रोलमधले शिसे मुलांच्या मेंदूला घातक ठरते, हे ठाऊक असूनही ते काढणे अशक्य असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. आज पंपावर ते वेगळे मागावेही लागत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ दर्जाचे इंधन आणि वाहने आली. मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर येण्यास सांगितले. पावाची चव बिघडेल अशी कुरकुर झाली. जबलपूरच्या तंदुरी रोटीबद्दलही उद्या होईल. होऊ द्यावी.

उंबरठ्याच्या आतली हवा

हवेचे प्रदूषण म्हटले की आपले लक्ष रस्त्याकडे जाते. घराच्या आत काय चालते? ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या एका अभ्यासानुसार २०१९ मध्ये भारतात हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले. त्यांपैकी ६ लाख १० हजार मृत्यू घरातल्या धुरामुळे झाले. चुलीच्या धुरामुळे. हा धूर सर्वांत जास्त कोण घेते, ते सांगायला नको. आणि तिच्या कडेवर किंवा पदराआड तान्हे मूल असते.

मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून दहा कोटींहून अधिक घरांत गॅस पोहोचला, ही मोठीच गोष्ट आहे. पण अनेक घरांत सिलिंडर पाहुण्यांसाठी आणि चूल रोजच्यासाठी, अशी वाटणी झाली. दुसरे सिलिंडर भरायला पैसे नसतात. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना हे एकदा विचारून पाहावे. दिवाळीला साडीऐवजी एक सिलिंडर भरून दिला, तर ती भेट तिच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचेल.

गॅस असलेल्या घरांनी मात्र निश्चिंत होऊ नये. संध्याकाळ झाली की दारे-खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवली जाते. चीन आणि मलेशियातल्या कॉइलचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे आढळले. सिगारेटला हातही न लावणारे सोवळे घर रात्रभर एवढा धूर घेत झोपते! मच्छरदाणी दिसायला जुनाट वाटते, पण तिच्याइतके निर्धोक साधन दुसरे नाही. धूप-उदबत्तीही देवापुढे क्षणभर लावावी आणि त्या वेळी खिडकी उघडी असावी. देवाला चालते.

दिवाळीतली ‘नागगोळी’ तर आवाज करत नाही म्हणून आपण अगदी लहान मुलांच्या हातात देतो. पुण्याच्या ‘चेस्ट रिसर्च फाउंडेशन’ने पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह २०१६ मध्ये निरनिराळ्या फटाक्यांचा धूर मोजला. मुले ज्या अंतरावरून फटाका पेटवतात, त्याच अंतरावर यंत्र ठेवले होते. सर्वांत जास्त सूक्ष्म कण नागगोळीने सोडले, घनमीटरला सुमारे ६४,५०० मायक्रोग्रॅम. आपली चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. हजार फटाक्यांची माळसुद्धा तिच्या मागे राहिली. मग फुलबाजी, भुईचक्र आणि शेवटी भुईनळा. काळा साप वळवळताना पाहून टाळ्या पिटणाऱ्या चिमुरड्यांना या वर्षी तो खेळ दुरूनही दाखवू नये, हेच बरे.

रोजच्या व्यवहारात काय बदलावे?

हिवाळ्यात भल्या पहाटे फिरायला जाण्याचा आग्रह वडीलधाऱ्यांनी सोडावा. ज्या हवेला आपण ताजी समजतो, ती त्या वेळी झाकणाखाली सर्वांत जास्त कोंडलेली असते. ऊन चढले की जमीन तापते, हवा वर उठू लागते आणि झाकण मोडते. भंवरताल उद्यानात साडेपाचऐवजी नऊ वाजता गेले, तर मंडळी तीच भेटतात आणि खोकला कमी होतो. मुलांच्या शाळेतल्या खेळाच्या तासालाही हाच नियम लावता येईल. वाईट हवेच्या दिवशी तो दुपारी घ्यावा, असे पालकसभेत सुचवावे.

रुमाल किंवा ओढणी नाकाला बांधून स्कूटर चालवणाऱ्या मुली आपण रोज पाहतो. त्याने ऊन आणि जाड धूळ अडते, सूक्ष्म कण नाही. दम्याच्या रुग्णाने वाईट दिवशी बाहेर पडताना एन-९५ मुखवटा नीट बसवून घालावा. कुंडीतल्या मनीप्लँटने खोलीतली हवा शुद्ध होते, हा समजही तसाच. रोप जरूर लावावे, डोळ्यांना बरे वाटते. मात्र त्याच्या भरवशावर कॉइल लावू नये. घर झाडताना कोरडा केरसुणीचा फटकारा मारण्याऐवजी ओले फडके फिरवले, तर खाली बसलेली धूळ पुन्हा नाकात जात नाही.

वाहनाचे पीयूसी प्रमाणपत्र वेळच्या वेळी घ्यावे, पण त्यावर सगळा विश्वास टाकू नये. त्या तपासणीत पीएम २.५ मोजलेच जात नाही. स्कूटरच्या नळीतून निळा किंवा काळा धूर दिसला, तर प्रमाणपत्र खिशात असले तरी मेकॅनिककडे जावे. फाटकावर किंवा सिग्नलला इंजिन बंद करावे. भाजी आणायला कोपऱ्यावर जायचे, तर पायी जावे. हे सांगून सांगून जुने झाले आहे, तरीही लिहावे लागते.

थर्मामीटर आपल्या हाती

सुरुवातीला थर्मामीटरचा उल्लेख केला होता. तो जबलपूरमध्ये बसवलेला आहे. मढाताल, गुप्तेश्वर, सुहागी आणि गोविंद भवन कॉलनी या चार ठिकाणी हवा मोजणारी स्वयंचलित केंद्रे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ नावाचे मोफत अॅप मोबाइलवर घेतले, की देशातल्या केंद्रांचे आकडे दिसतात. नातवंडे दोन मिनिटांत ते घालून देतील. अमरावती, नागपूर, पुण्याच्या वाचकांनाही आपापल्या शहराचा आकडा तेथेच सापडेल.

आकडा वाचणे सोपे आहे. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अतिखराब आणि त्यापुढे गंभीर. ‘मध्यम’ या शब्दाने फसू नये. दमेकरी, हृदयरोगी, लहान मुले आणि वृद्ध यांना या गटातही त्रास होऊ शकतो, असे मंडळच सांगते. आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. दाखवला जाणारा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. पहाटेची कोंडी त्यात दुपारच्या मोकळ्या हवेशी मिसळून जाते. त्यामुळे आकडा १५० दिसला, तरी पहाटे सहाला तुम्ही प्रत्यक्ष घेतलेली हवा त्याहून वाईट असू शकते.

घरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिण्याची जुनी पद्धत आहे. त्याच चौकटीत १ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी रोज हा एक आकडा लिहून ठेवावा आणि खोकल्याच्या दिवसांवर फुली मारावी. डॉक्टरांकडे जाताना ते पान सोबत न्यावे. औषध ठरवताना त्यांना त्याचा उपयोग होतो. शाळेला, वसाहतीच्या सभेला आणि वॉर्ड कार्यालयालाही तेच पान दाखवता येईल. पुढच्या सर्वेक्षणात जबलपूरचा क्रमांक कोणताही येवो, त्या चार महिन्यांत २०० च्या वरचे दिवस गेल्या हिवाळ्यापेक्षा किती कमी झाले, हे महापौरांना विचारण्यासाठी तेवढा पुरावा पुरेसा आहे.